बावन्न मिनिटांवरचा माणूस

पैज लागली ती शिंपीमामांच्या दुकानाच्या पायरीवर, आणि लागली ती एका उसवलेल्या बाहीवरून.

बाही होती टॉवरची. टॉवर हे काही तिचं नाव नव्हे. शहराबाहेरच्या चिमुकल्या विमानतळावर, काचेच्या खोलीत बसून विमानाला "ये" आणि "जा" म्हणायचं हे तिचं काम. त्यात उंचीही तशीच. मग बिल्डिंगवाले दुसरं काय म्हणणार? शिंपीमामा तर म्हणायचे, "हिचं माप घ्यायचं म्हणजे मला स्टूल लागतं."

"मामा, बाही नीट शिवा हं. ड्रेस चांगला दिसला पाहिजे."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन वर्षं माझ्याकडे येतेस. टिकला पाहिजे म्हणतेस, धुता आला पाहिजे म्हणतेस. चांगला दिसला पाहिजे हे आजच ऐकतोय. कोण येतंय?"

"कुणी नाही."

"तो पलीकडचा येतोय!" वरच्या गॅलरीतून मावशीनं जाहीर करून टाकलं. टॉवर मावशीकडेच राहायची, आणि मावशीच्या पोटात गोष्ट राहायची ती जिना चढेपर्यंत.

"अगं मावशी..."

"अगं मावशी काय? शेवटच्या विमानानं येतोय. एकतीस तारखेला."

मामांनी सुई बाजूला ठेवली. चाळीतला, सॉरी, बिल्डिंगमधला हा सगळ्यात टारगट माणूस, वय वर्षं एकसष्ट. "तो? तो यायचा नाही. माणूस दोन वर्षं नुसता फोनवर बोलतो, बावन्न मिनिटांवर राहतो आणि तोंड दाखवत नाही. तो माणूसच नाही पोरी. ते रेकॉर्डिंग आहे."

"माणूस आहे!"

"लावतेस पैज?"

"लावते!"

"एकतीस तारखेला तो या अंगणात उभा राहिला, तर मी विमान होईन. दोन्ही हात पसरून, घुर्रर्र करत, अख्ख्या गल्लीला तीन चकरा, आणि या पायरीवर उतरेन. भर सकाळी. आणि नाही आला तर तू."

"मंजूर!"

"मी साक्षीदार," मावशी वरून ओरडली आणि पटकन आत गेली. तिला ही बातमी आणखी तीन घरांत पोचवायची होती.

आता हा पलीकडचा कोण, ते सांगतो.

टॉवरच्या विमानतळापासून त्या दुसऱ्या विमानतळाचं अंतर सरळ रेषेत दोनशे शहात्तर किलोमीटर. पंखेवाल्या छोट्या विमानाला वेळ बावन्न मिनिटं. तेच रस्त्यानं जायचं तर मधे डोंगर, डोंगरामागे नदी, आणि पूल आहे तो भलतीकडेच. तेरा तास. आठवड्यातला एक वार सोडून रोज सकाळी एकच विमान तिकडून इकडे यायचं, तासभर थांबायचं आणि परत जायचं. विमान जिथून सुटलं त्या टॉवरनं पुढच्या टॉवरला फोन करायचा. निघालं. उतरलं की इकडून तिकडे. पोचलं. दोन टॉवर, एक तार, दिवसाला चार फोन.

तिच्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी तो फोन वाजला तेव्हा ती खुर्चीवरून उडालीच होती.

"निघालं. आठ दहा. नऊ दोनला तुमच्याकडे."

"को... कोण बोलतंय?"

"जो रोज बोलणार आहे तो."

विमान नऊ पाचला उतरलं. तिनं फोन लावला. "पोचलं. तीन मिनिटं उशीर झाला."

"तीन मिनिटं ढगांनी खाल्ली. मी काय करू?"

"ढगांची वेळ धरत जा."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं ढगांची वेळ धरली. विमानाची चाकं बरोब्बर त्यानं सांगितलेल्या मिनिटाला टेकली. ती काचेमागे एकटीच हसली... आणि मग आपण का हसलो म्हणून स्वतःवरच चिडली. झालं! तिथंच सगळं बिघडलं.

अडचण एकच. त्या फोनवरचा शब्दन् शब्द टेप व्हायचा. टेप मुख्य कचेरीत जायची, आणि तिथं एक साहेब म्हणे कान लावून बसलेला असायचा. स्वतःचा मोबाईल टॉवरखालच्या कपाटात ठेवल्याशिवाय वर चढायला बंदी. मग काय करणार? दोघं कामाचंच बोलायची. पण काय बोलायची!

"वारा?" तो विचारायचा.

"तुमच्याकडून येतोय. मंद."

"मंदच बरा. जोरात आला तर लोक बोलतात."

किंवा तिची पाळी. "तुमच्याकडे किती दिसतंय?"

"पाच किलोमीटर. टेकडीपर्यंत सगळं स्वच्छ. त्याच्या पलीकडे मात्र... कुणी दिसत नाही."

"कुणी?"

"काही. काही म्हणायचं होतं."

मुख्य कचेरीतल्या साहेबाला वाटत असेल, काय मन लावून हवामान सांगतात ही दोघं!

भेटायचं कसं, हा प्रश्न होताच. ज्या विमानात बसून भेटायचं, ते सोडायला टॉवरमध्ये तो हवा आणि उतरवायला ती हवी. रजा घ्यावी तर जागेवर बसायला दुसरं कुणी नाही. दोघांची साप्ताहिक सुट्टी एकाच वारी, कारण त्या वारी विमानच नसायचं. रस्त्यानं तेरा तास जायला, तेरा यायला, आणि सुट्टी चोवीस तासांची. हे गणित तिनं वहीच्या मागच्या पानावर कितीदा तरी मांडलं, दरवेळी दोन तास कमीच पडले. नंबर मागावा तर टेपवर. पायलटच्या हाती चिठ्ठी द्यावी तर तो पायलट असा, की चिठ्ठी वाचून, वर शुद्धलेखन सुधारून पोचवेल. मग त्या दोघांनी त्याचीच एक जिद्द करून टाकली. आता जे काय असेल ते समोरासमोर.

आणि एका सकाळी विमान कंपनीचं पत्र आलं. फेरी परवडत नाही. एकतीस तारखेनंतर बंद. इकडचा विमानतळ इतर विमानांसाठी चालू राहणार, पण पलीकडच्याला कुलूप, पलीकडच्या माणसाची बदली, तीसुद्धा देशाच्या पार टोकाला.

त्या दिवशी फोनवर पहिला प्रश्न तिनंच विचारला.

"हवेचा दाब?"

"हवेचा एक हजार तेरा. घरचा त्याहून जास्त. आई म्हणते, महिनाअखेर काय ते ठरव, नाहीतर मी ठरवते."

"मग... अंदाज काय?"

"शेवटच्या दिवशी सामान मोजायला मुख्य कचेरीचा माणूस येतोय. टॉवर तो सांभाळेल. मी रिकामा. विमानात एक सीट माझी."

"परतीची?"

"परतीची नाही काढली. दोन दिवस तुमच्याकडचं हवामान बघतो म्हणतो. आईला सांगितलंय."

म्हणून ती बाही. म्हणून ती पैज.

तीस तारखेचा शेवटचा फोन मात्र जरा निराळा झाला. सगळं सांगून झालं होतं, तरी तो फोन ठेवेना.

"उद्या धुकं असलं तर?"

"असलं तर असलं."

"तुम्ही काय सांगाल?"

"जे दिसतं ते."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुमच्यासाठी तर जास्तच," ती म्हणाली. आणि त्यानं हसून फोन ठेवला. हसला खरा... पण ते हसणं जरा उशिरा आलं, हे तिच्या लक्षात आलं होतं. मिनिटं मोजायची सवय होती ना.

एकतीसची सकाळ. ड्रेस इस्त्रीचा, बाही पक्की. विमानतळावर कंपनीच्या लोकांनी टेबल मांडून केक ठेवला होता. मावशीनं गॅलरी धुतली होती, आणि शिंपीमामांनी सकाळी सकाळी दाढी केली होती, का ते त्यांनाच ठाऊक.

आणि धुकं होतं.

फार नव्हतं. तेच तर वाईट. फार असतं तर विमान तिकडून निघालंच नसतं. साडेसातला पातळ होतं, उठेल उठेल असं वाटत होतं. आठ दहाला फोन वाजला. अनोळखी, कंटाळलेला आवाज. "निघालं. प्रवासी बेचाळीस. तुमचा तो पण चढलाय हो. परफ्यूम एवढं मारलंय की इथं अजून वास येतोय."

तिनं हसून फोन ठेवला आणि काचेकडे वळली. धुकं दाट व्हायला लागलं होतं.

किती दिसतंय हे सांगायला त्या विमानतळावर यंत्र नव्हतं. डोळे होते. भिंतीवर एक यादी लावलेली: पेट्रोल पंप आठशे मीटर, पाण्याची टाकी बाराशे, मोबाईलचा मनोरा पंधराशे, वीटभट्टीचं धुराडं अठराशे. टॉवरच्या गॅलरीत उभं राहायचं, शेवटची दिसणारी वस्तू बघायची, तो आकडा पायलटला सांगायचा. विमान उतरायला पंधराशे लागायचे. म्हणजे मनोरा दिसला पाहिजे.

टाकी दिसत होती. मनोरा नव्हता.

नऊला आवाज आला, आधी वरून, मग रेडिओवर. "टॉवर, आलो आम्ही. किती दिसतंय?"

ती गॅलरीत उभी होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. टाकीच्या मागे पांढरं. नुसतं पांढरं.

"बाराशे," ती म्हणाली.

"घिरट्या घालतो. मोठ्या शहरापर्यंतचं सोडून वीस मिनिटांचं इंधन आहे माझ्याकडे."

विमान तिच्या डोक्यावर फिरत राहिलं. दोन वर्षं दोनशे शहात्तर किलोमीटरवर असलेला माणूस आता सरळ वर होता, अर्धाएक किलोमीटर असेल नसेल. एवढ्या जवळ तो कधीच आला नव्हता. दर फेरीला आवाज मोठा व्हायचा, आणि ती मान वर करायची. मग आवाज लांब जायचा.

"टॉवर, आता?"

"बाराशे."

"अहो, काच पुसून बघा की," पायलट हसत म्हणाला. "खाली केक आहे ना? तीनशे मीटरचा तर प्रश्न आहे."

तीनशे मीटर. मनोरा कुठं आहे ते तिला पाठ होतं. डोळे मिटून बोट दाखवलं असतं. "पंधराशे" एवढा एक शब्द बोलायचा, पायलट खाली येणार, दहातल्या नऊ वेळा चाकं नीट टेकणार. कुणी विचारायला येणार नव्हतं. ते बघायला दुसरं माणूसच नव्हतं तिथं. तिनं माईक तोंडाशी नेला. त्या विमानात बेचाळीस माणसं होती. एकेचाळीसांना तर ती ओळखतही नव्हती, आणि बेचाळिसाव्याला... त्यालासुद्धा उतरवायचं होतं ते अख्खं.

"बाराशे," ती म्हणाली. तिचा आवाज टेपवर अगदी साधा आलाय म्हणे.

"ठीक आहे. मोठ्या शहराकडे वळतो मग. काळजी घ्या, टॉवर."

आवाज लांब गेला. ह्या वेळी परत आला नाही.

बावीस मिनिटांनी ऊन पडलं. टाकी, मनोरा, धुराडं, धुराड्यामागची झाडं, झाडांमागची टेकडी, सगळं कसं लख्ख! तिनं वहीत लिहिलं: सहा किलोमीटर. मग खुर्चीवर बसून नव्यानं शिवलेल्या बाहीनं डोळे पुसले. खाली कंपनीच्या लोकांनी केक कापला. आणलेला वाया कशाला घालवायचा?

पहिल्या दिवशी तिला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोन येईल. तारेचा फोन काढून त्याच्या जागी टॉवरमध्ये आता साधा फोन बसवला होता, आणि त्याचा नंबर मुख्य कचेरीत कुणालाही मिळाला असता. दुसऱ्या दिवशी वाटलं, बदलीच्या गडबडीत असेल. चौथ्या दिवशी मावशीनं विचारणं बंद केलं. मावशीनं विचारणं बंद करणं म्हणजे प्रकरण किती गंभीर, बघा! शिंपीमामा तर तिला येताना बघितलं की मशीन जोरात चालवायचे. सुईत दोरा नसला तरी.

अकराव्या दिवशी फोन वाजला.

"मी बोलतोय."

बावन्न मिनिटांवरचा तो आवाज आता कितीतरी लांबून, खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"पोचलो," तो म्हणाला.

"किती लागतं तिथून?"

"दोन विमानं बदलून नऊ तास चाळीस मिनिटं. दुसरं चुकलं नाही तर. सरळ रेषेत एकोणीसशे किलोमीटर." मग थांबून, "हा फोन टेप होतो का?"

"नाही. हा साधा आहे."

"मग 'तू' म्हणू?"

"म्हण."

दोन वर्षं ज्यासाठी शब्द वळवून वळवून बोलली, ते सरळ बोलायची सोय झाली होती, आणि आता कुणालाच सुरुवात करता येईना.

"वरून सगळं दिसत होतं गं," तो म्हणाला. "धावपट्टी, टॉवर. गॅलरीत तू. हिरवा ड्रेस होता ना?"

"धुक्यात वरून खाली दिसतं. समोरचं दिसत नाही."

"मला शिकवतेस? नऊ वर्षं हेच करतोय मी." तो हसायला गेला आणि अडकला. "सगळं माहीत होतं. तरी दर फेरीला वाटायचं, आता म्हणेल. एकदा खोटं बोलेल. शेजारच्या बाईच्या मांडीवर बाळ झोपलं होतं, आणि मी मनात म्हणत होतो, बोल ना, पंधराशे म्हण. मग विमान वळलं आणि मला असा राग आला..."

"माझा?"

"तुझा. मोठ्या शहरात उतरलो, पहिला फोन आईला लावला. म्हटलं, तू ठरव. मला सगळं चालेल. राग उतरायला दोन दिवस लागले. तोपर्यंत मुलीकडची माणसं घरी येऊन, लग्नाची बोलणी करून गेलीसुद्धा. त्या मुलीशीही बोललो. चांगली आहे. तिनं सगळ्यांना सांगितलंय, लग्न ठरलं म्हणून."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. स्वच्छ होतं. धुराडं, टेकडी, सगळं.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "पण तू म्हणालीस तर मोडतो. आत्ता. तू फक्त म्हण."

बोलायचा होता तोही एकच शब्द. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. ती मुलगी तिला दिसत नव्हती, नाव माहीत नव्हतं, आवाजही नाही. पण सगळ्यांना सांगून बसलेली ती मुलगी कशी बसली असेल, हे टॉवरला फार चांगलं माहीत होतं. बाही शिवून घेतली असेल तिनंही.

"नाही," ती म्हणाली. "नको मोडू."

"मला वाटलंच होतं." तो म्हणाला. "खरं सांगायचं तर मी तुझ्या जागी असतो, तर मीही बाराशेच म्हणालो असतो."

"माहीत आहे. म्हणून तर आवडायचास."

हे वाक्य तिनं दोन वर्षं साठवून ठेवलं होतं. निघालं तेव्हा ते भूतकाळातलं होऊन निघालं. तिकडून नुसता एक श्वास, आणि फोन ठेवल्याचा बारीक आवाज.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला टॉवर अंगणात उतरली. हिरवा ड्रेस, पायात बूट. सरळ शिंपीमामांच्या पायरीसमोर.

"मामा, मी हरले. चला."

"कसलं काय!" मामा गडबडले. "मी विसरलोसुद्धा. कसली पैज? माझं वय झालंय आता."

"अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. तो आला नाही. मी विमान होणार."

"राहू दे गं बाळा."

"राहू कसं दे? पैज म्हणजे पैज."

गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती. कोण दात घासत होतं, कोण कपडे वाळत घालत होतं. हसत कुणीच नव्हतं. मामांनी इकडे तिकडे बघितलं, आत गेले आणि कपाटातून काहीतरी काढून आणलं. अस्तराच्या कापडाचे दोन पंख. पांढरे, कडेला निळी पट्टी, खांद्यावर बांधायला नाड्या. हातशिलाई इतकी बारीक की लग्नाच्या कोटाला लाजवेल.

"हे कधी शिवलेत?"

"तीस तारखेला."

तिनं पंख खांद्यावर घेतले. ढगळ होते, फार ढगळ. उंचीला आखूड, आणि छातीशी नाडी दोनदा गुंडाळून उरली.

"माझ्या मापाचे नाहीत हे."

"तुझ्या मापाचे कसे असतील?" मामा जमिनीकडे बघत पुटपुटले. "माझ्या मापाचे आहेत. मला हरायचं होतं गं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पसरले. "घुर्रर्र..." पाच फूट नऊ इंचाची पोरगी धावत सुटली, किराणावाल्याच्या समोरून, सायकलवाल्याला वळसा घालून, नळावरच्या बायकांच्या मधून. लोक बाजूला झाले. पहिल्या चकरेला कुणी हसलं नाही. दुसऱ्या चकरेला मावशी वरून हसायला लागली आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून आत पळाली. तिसऱ्या चकरेला टॉवरचे गाल ओलेचिंब होते, समोरचं काही धड दिसत नव्हतं, आणि पायरी जवळ आली तरी ती थांबेना. पायरीसमोरून वळली. चौथी चक्कर. पाचवी. पंख फडफडतायत, श्वास लागलाय, आणि ही आपली फिरतेय.

"अगं, तीनच ठरल्या होत्या!" कुणीतरी ओरडलं.

तेव्हा शिंपीमामा स्टूल घेऊन बाहेर आले. भर अंगणात ते मांडलं, गुडघे धरून त्यावर चढले आणि दोन्ही हात तोंडाशी लावून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"ए पोरी! इथून सगळं दिसतंय! पार दहा किलोमीटर! उतर आता... उतर!"